पत्र्यावरचे बिरादार सर

एप्रिल लागला की नांदेडात गच्च्यागच्च्यांवर पापड आणि कुरडया पसरतात. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयावर बिरादार सर पसरतात. म्हणजे सर स्वतः पत्र्यावर आडवे होत नाहीत. एकदाच झाले होते, तेही शिडी निसटली म्हणून. तिथे त्यांच्या पट्ट्या असतात. बोटभर लांबीच्या, गुळाच्या पाकाच्या रंगाच्या, रबरासारख्या वाकणाऱ्या. प्रत्येक पट्टी मधोमध ब्लेडने कापलेली, तुकडे पुन्हा एकमेकांना टेकवून दोन काचांमध्ये धरलेले आणि वरून दोऱ्याने बांधलेले. शेजारी थर्मामीटर, एक काळी छत्री आणि छत्रीखाली ओल्या पोत्यावर बसून कावळे हाकणारे रसायनशास्त्राचे बिरादार सर.

मी त्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचायला काळं कुत्रंही येत नाही, पण दार उघडं ठेवावं लागतं. मागच्या वाचनकक्षाला स्लॅब नाही, पत्रा आहे, आणि दुपारी दोन ते चार त्या पत्र्याखाली मी डुलकी घेतो, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे. पंखा सावकाश फिरत असतो. खिडकीतून कडुलिंबाच्या फुलांचा कडवट-गोड वास येतो. टेबलावरचं ऊन सरकत सरकत माझ्या चपलांपर्यंत येतं. वरून पावलं ऐकू येतात, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि अर्धवट झोपेत मला वाटतं, आभाळात कुणीतरी येरझाऱ्या घालतंय. तेवढ्यात आभाळ बोलतं.

"ओ ग्रंथपाल! पासष्ट झालं!"

हे तापमान. मी डोळे न उघडता म्हणतो, "अभिनंदन."

"सबर धरा, जुळतंय!"

हे त्यांचं पालुपद. लातूरची बस दोन तास आली नाही तरी सर स्टँडवर उभ्या लोकांना सांगणार, "सबर धरा, जुळतंय." एकदा परीक्षेच्या हॉलमध्ये रडणाऱ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून हेच म्हणाले. तिला काय जुळतंय ते कळलं नाही, पण ती रडायची थांबली. घरी मात्र हे चालत नाही. बिरादार वहिनींनी मला त्यांच्या स्वयंपाकघरातला कान तुटलेला कप दाखवला आहे. "सहा वर्षं झाली. घरातला कप जोडणं होत न्हाई ह्यांच्यानं, आन् जगाचं रबर जोडून राहिलेत."

मी भाषेचा माणूस. रसायनशास्त्रातलं मला मीठ आणि सोडा एवढंच कळतं. पण बारा वर्षं माझ्या डोक्यावर जे चाललंय ते काय, हे एकदा विचारायलाच हवं होतं. सर लगेच पत्र्यावरून उतरले, माझ्यासमोर बसले आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवू लागले.

"हे बगा. ह्या हाताला म्हणायचं फ्युरान. ह्याला मॅलिमाइड. दोघं एकमेकांसारखे बिलकुल न्हाईत, म्हणूनच दोघांचं जमतंय. बेताची ऊब दिली की हात धरतेत. लई तापवलं की सोडतेत. निवलं की पुन्हा धरतेत. पट्टी कापली म्हणजे काय केलं? हात सोडवले. पुन्हा ऊब द्या, पुन्हा धरतेत. ही सुरगाठ."

"आणि निरगाठ कुठली?"

सरांचा चेहरा उतरला. वर्गात कुणी नको तो प्रश्न विचारला की उतरतो तसा.

"लई तापवलं आन् लई वेळ तापतच ठेवलं, तर मॅलिमाइडला दम निघत न्हाई. समोरच्या फ्युरानची वाट पाहायची सोडून ते आपल्या भावकीतल्याच दुसऱ्या मॅलिमाइडचा हात धरतंय. ती गाठ कशानंच सुटत न्हाई. मग पट्टी दिसायला झकास, पण पुन्हा कापली की संपली. जुळायला हात मोकळेच न्हाईत ना."

हे फ्युरानही सर घरचंच वापरत. रेणापूरला त्यांच्या भावाचा ऊस आहे. गाळप झाल्यावर उरलेली चिपाडं सर पोत्यात भरून बसने आणत. लॅबमध्ये ती आम्लात उकळली की मजलाभर भाजलेल्या बदामांचा वास सुटे आणि ऑफिसातले लोक कुणाचा वाढदिवस आहे का ते बघायला येत. पट्टी तयार झाली की तिचा रंग असा मोहात पाडणारा, की एका पाहुण्याने चिक्की समजून तोंडात टाकायला उचलली होती. सर म्हणाले, "खाऊ नका, पण कापा." आणि खिशातून ब्लेड काढून हातात दिलं. नव्या माणसाशी ओळख करून घ्यायची त्यांची हीच पद्धत होती.

गाठींचं वेड लॅबपुरतं राहिलं असतं तर ठीक. पण सरांनी जगातल्या सगळ्या निरगाठींशी वैर धरलं. मिठाईचा पुडा, फाइलींची नाडी, पोत्याचं तोंड, कुठेही निरगाठ दिसली की नखांनी उकलत बसणार. पुतणीच्या लग्नात तर कहर केला. नवरा-नवरीच्या शेला-शालूची गाठ कुणी मावशीने करकचून बांधली होती. सर पुढे झाले, शांतपणे ती सोडली आणि छानशी सुरगाठ मारून दिली. मांडवात एकच गलका. मावशी म्हणाली, "आवो, सुटंल की वो ती!" सर म्हणाले, "सुटता आली पाहिजे मावशी. सुटता येत असून सुटत न्हाई, तिला गाठ म्हणायचं." जोडपं सुखात आहे. मावशी अजून सरांशी बोलत नाही.

पण सरांशी न बोलणारी मावशी काही एकटी नव्हती. आता गफूर सरांबद्दल सांगतो, कारण त्यांच्यावाचून बिरादार सरांची गोष्ट अर्धीच राहते.

गफूर सर जवळच्या लोहा गावचे. बिरादार सरांच्याच विभागात, समोरच्याच खोलीत. दोघं एमएस्सीला एका खोलीत राहिलेले, एकाच वर्षी नोकरीला लागलेले. एकाचा आवाज तीन खोल्या ओलांडणारा, दुसरा बोलला तरी ओठ हलल्याचा भास व्हावा असा. बिरादार सर धपाटे आणायचे, गफूर सर खिमा आणायचे; बिरादार सर खिमा खायचे नाहीत आणि गफूर सर धपाट्यातले तीन खायचे. पट्टीचं काम दोघांचंच. बिरादार सर एका सपाट्यात दहा कल्पना मांडायचे, गफूर सर नऊ खोडायचे. उरलेल्या दहावीवर दोघं वर्षभर काम करायचे. असं बरीच वर्षं चाललं होतं आणि चाललंही असतं.

एक दिवस कॉलेज तपासायला बाहेरून समिती आली. सरांनी पट्टी जुळवून दाखवायचं ठरवलं. प्रात्यक्षिकाला दोन तास हवे होते, आणि त्या दिवशी अकराला लाइट जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. आता आपल्याकडच्या माणसाला एक सवय आहे. लाइट जाणार म्हटलं की तो पाण्याची मोटर, गिरणी, मोबाइल, सगळं एकदम लावतो. सरांनी ओव्हनचं बटण दीडशेवर नेलं. दोन तासांचं काम वीस मिनिटांत. पट्टी जुळली. समितीने ताणून पाहिली, टाळ्या वाजवल्या. सर रंगात येऊन म्हणाले, "ही दहा वेळा कापा, दहा वेळा जुळंल!"

समितीतल्या एकाने सहज गफूर सरांना विचारलं, "तुमचं काय मत?"

गफूर सर खोटं बोलत नाहीत. हा त्यांचा गुण, आणि अडचणही तीच. ते त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाले, "ही पुन्हा जुळणार न्हाई साहेब. घाई झाली. आत निरगाठी बसल्या."

समितीने पट्टी कापली. पुन्हा ओव्हनमध्ये ठेवली. बाहेर काढली तेव्हा दोन तुकडे दोन दिशांना पडले, आणि तेवढ्यात लाइट गेली.

"गफूर, तू माझी इज्जत घालवलीस," बिरादार सर म्हणाले. अंधाऱ्या खोलीत, सगळ्यांदेखत, इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा त्यांनी 'सर' न लावता त्यांना हाक मारली होती.

त्यानंतर चार उन्हाळे गेले. दोघं एका व्हरांड्यात राहून एकमेकांशी बोलले नाहीत. समोरासमोर आले की दोघांनाही एकदम सूचना फलक वाचायची इच्छा व्हायची. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बिरादार सर शिपायाच्या मेव्हण्याच्या वाढदिवसालाही अंगठा द्यायचे, गफूर सरांच्या ईदच्या फोटोला मात्र नाही. बिरादार सरांच्या बाजूने चार जण उभे राहिले. रोज चहाला येऊन "सर, तुमचंच बरोबर" म्हणायचे. सर त्यांना चहा पाजायचे आणि चेहरा पाडून माझ्याकडे यायचे. "सगळे हाव म्हणतेत हो. लई कंटाळा येतो."

आणि समिती येऊन गेली त्याच उन्हाळ्यात सर माझ्या पत्र्यावर कायमचे चढले. आधी कधीमधी यायचे. आता ओव्हन बंदच. मला वाटलं, रागाच्या भरात लॅब सोडली. मी गफूर सरांना तसं म्हणालोही. ते वाचून झालेली पुस्तकं परत द्यायला आले होते. वर पावलं वाजत होती. त्यांनी मान वर करून जरा वेळ ती ऐकली आणि हसले.

"ग्रंथपाल, तुमचा पत्रा कितीवर जातो?"

"पासष्ट. रोज ओरडून सांगतात."

"सत्तरच्या वर?"

"कधीच नाही."

"मग समजा ना. त्यो कबूल करून राहिला. ओव्हन दीडशेवर जातो, तुमचा पत्रा जात न्हाई. कमी ऊब, जास्त वेळ. निरगाठ बसायचा सवालच न्हाई." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ज्या दिवशी त्यानं ओव्हन बंद करून पट्टी वर नेली, त्या दिवशीच मला कळलं, त्याला माझं पटलंय."

मी खुर्चीतून उठलोच. "अहो, मग जा ना वर! शिडी लावलेलीच आहे!"

"न्हाई न्हाई. त्यानं दहा वेळा जुळंल म्हणलं होतं. ते करून दाखवायचं हाय त्याला. मधीच मी गेलो तर तो थांबंल." आणि मग जरा कडक आवाजात, "त्याला बोलायचं न्हाई हां. कसम हाय तुमाला."

मला त्या दिवशी दोघांचाही भयंकर राग आला. एवढी शिकलेली माणसं! पण कसम म्हणजे कसम. मी खाली झोपत राहिलो, वर ते चालत राहिले.

बिरादार सरांनी स्वतःहून सांगितलं ते यंदा मेच्या चौथ्या आठवड्यात. गफूर सर महिनाअखेरीला निवृत्त होऊन हैदराबादला मुलीकडे कायमचे जाणार, ही बातमी आली त्या दुपारी सर पत्र्यावरून उतरले आणि पाणी न मागता बसून राहिले.

"गफूरचं बरोबर होतं," ते म्हणाले. "समिती गेल्यावर तीन महिन्यांतच कळलं मला. त्याला सांगायचं हाय."

"मग सांगा."

"रिकाम्या हातानं कसं जाऊ? आपल्याकडं जातेत का कुणाकडं रिकाम्या हातानं? त्यानं चूक काढली, मी इलाज घेऊन गेलो तर शोभंल." मग त्यांनी खिशातून एक पट्टी काढली. इलाज दोन पदरी होता. एक, पत्र्याची बेताची ऊब. दुसरं, पट्टीत घातलेली चिमूटभर पूड, जी मॅलिमाइडांना एकमेकांशी लगट करू देत नाही, वसतिगृहाच्या रेक्टरसारखी. "ही आठदा कापली, आठदा जुळली. दहा झाली की जातो. एकदा जुळायला दोन दिवसांचं पुरं ऊन लागतं. दिवस हायेत अजून."

त्या दिवसांत मी डुलकी सोडली. आपण जागे राहून ऊन वाढत नाही हे मला कळत होतं, पण झोपवेना. नवव्यांदा पट्टी जुळली तेव्हा सर शिडीवरूनच नाचायला लागले आणि मी खालून शिडी धरून त्यांना शिव्या घातल्या. दहाव्यांदा कापली ती तीस मेच्या पहाटे. दोन दिवसांचं ऊन हातात होतं. एकतीसला दुपारी चारला निरोप समारंभ, माझ्याच वाचनकक्षात.

तीस तारखेला ढग आले. मेच्या अखेरीला, नांदेडात, जिथे एरवी चपला डांबराला चिकटतात. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं करडं, मऊ, झोपाळू आभाळ. सगळं गाव खूश. बाया म्हणाल्या, कित्ती बरं वाटतंय. वरून आवाज आला, "अडतीस." तासाभराने, "एकोणचाळीस." ओरडण्यातला जोर गेला होता. मी म्हणालो, "ओव्हन लावा ना, पासष्टवर ठेवा." सर म्हणाले, "त्या ओव्हनचा काटा खोटा हाय. मी पासष्ट म्हणायचं, ते शंभर करायचं. पुन्हा तीच घाई करू का? घाईपायीच तर हे सगळं झालं."

एकतीसलाही ढग. चारला कक्ष भरला. प्राचार्य बोलले, मग उपप्राचार्य तेच बोलले. शाल, श्रीफळ, फोटो. वर कुणीच चालत नव्हतं आणि ती शांतता मला सगळ्या भाषणांपेक्षा मोठी वाटत होती. गफूर सर उत्तराला उठले, चार वाक्यं बोलले, पाचव्याला एकदा पत्र्याकडे पाहिलं आणि बसले.

लोक समोशांकडे वळले तेव्हा बिरादार सर मागच्या दाराने आत आले. डोक्याला टॉवेल, सदऱ्याला गंजाचे डाग. ते थेट गफूर सरांसमोर जाऊन उभे राहिले. हळूहळू सगळी कुजबुज थांबली. सरांनी मूठ उघडली. तिच्यात दोन तुकडे होते.

"जुळली न्हाई," ते म्हणाले. "नऊच झाल्या. ऊन न्हाई पडलं."

गफूर सरांनी चष्मा लावला. तुकडे उचलून ट्यूबलाइटकडे धरले, कापलेल्या कडेवर नख फिरवून पाहिलं, वाकवून पाहिलं. समोसे निवत होते.

"निरगाठ न्हाई कुठं," ते शेवटी म्हणाले. "माल चांगला हाय."

"तुमचं बरोबर होतं, गफूर सर."

"हाव. पण माझी जागा चुकली. लोकांपुढं न्हाई सांगायला पाहिजे होतं. चार वर्षं मीबी तेच घोकून राहिलो." त्यांनी तुकडे रुमालात गुंडाळून खिशात टाकले. "मुलीचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर हाय. पत्रा न्हाई, पण बाल्कनीत ऊन येतं म्हणे. दहावी मी करतो."

बिरादार सरांना हसायचं होतं. त्यांच्या चेहऱ्याला ते जमलं नाही, आणि त्या मोठ्या आवाजाच्या माणसाने टॉवेल तोंडाला लावला. मीही रडलो. कबूल करायला मला लाज नाही.

सहाला गफूर सरांची रिक्षा गेली. सगळे पांगले. मी खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावत होतो. बिरादार सर एका खुर्चीवर तसेच बसून होते, म्हणून ती एक राहिली.

"आता माझी चूक कोण काढील हो?" ते म्हणाले.

"फोन आहे की."

"फोनवर चूक सांगता येती. काढायला माणूस शेजारी लागतो. मी कागदावर काही लिहिलं की त्याचं बोट यायचं."

मी म्हणालो, "मी काढीन."

"तुमाला केमिस्ट्री कुठं येती?"

"शिकवा मग."

सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग निरोपाच्या पत्रिकेची मागची कोरी बाजू ओढून घेतली आणि पेन काढून एक पाच कोनांचं कडं काढलं, त्याच्या एका कोपऱ्यावर एक अक्षर लिहिलं, शेजारी दुसरं कडं, मग दोहोंच्या मध्ये रेघा. बाहेर ढग फाकत होते आणि तिरपं ऊन कागदावर आलं होतं. मला त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. तरी मी बोट पुढे केलं आणि डोळे मिटून एका रेघेवर ठेवलं.

"सर, हे चुकलंय."

"कुठं?" सर एकदम पुढे झुकले. चार वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. "कुठं, कुठं? दाखवा!"

मी बोट तसंच रेघेवर दाबून धरलं. सर कागदावर वाकून, पेन उघडं धरून, थांबले होते.